साथीच्या दिवसांतले श्रमदान

बदलापूरच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांची दोन मुले सुट्टीच्या दिवशी बारवी धरणाच्या बाजूच्या रानात डोंगरी सायकली चालवतात आणि पावसाळा संपला की मित्रांबरोबर कुदळ-फावडे घेऊन तिथल्या पायवाटा दुरुस्त करतात. वडिलांचा प्रश्न असा, की कोरोनासारखी साथ पुन्हा आली तर मुलांना या कामाला पाठवावे की घरी बसवावे? प्रश्न रास्त आहे. २०२० च्या हिवाळ्यात मी स्वतः अशाच एका टोळीबरोबर जात असे, त्यामुळे उत्तर थोडे अनुभवाचेही आहे.

जून २०२० पासून शासनाने ठराविक वेळात मोकळ्या हवेत चालणे, धावणे, सायकल चालवणे यांस मुभा दिली. व्यायामशाळा बंद, लोकल बंद; साहजिकच मूळगावच्या रस्त्याने धरणाकडे सायकलींची रांग लागू लागली. पावसात ओल्या पायवाटेवर चाके फिरली की चाकोरी पडते. त्या चाकोरीतून पाणी पन्हळीसारखे धावते, मुरूम वाहून जातो, दगड उघडे पडतात आणि मग लोक बाजूने नवी वाट पाडतात. तीच गाईगुरांची आणि पाड्यावरच्या बायाबापड्यांची येण्याजाण्याची वाट असते. उपाय सोपा पण घामाचा: वाटेवर तिरके दगड रोवायचे, चर काढून पाणी उताराच्या बाजूला सोडून द्यायचे, उघडी मुळे मातीने झाकायची. वनखात्याला विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये आणि झाडाला कोयता लावू नये, एवढे सांगून पुढे जातो.

साथीचा धोका या कामात कुठे असतो? विषाणू मुख्यतः श्वासावाटे पसरतो. बंद खोलीत तो हवेत साचून राहतो, मोकळ्यावर वाऱ्याने विरळ होतो. शिवाय कुदळ चालवणाऱ्याच्या दहा फुटांत कोणी उभे राहत नाही, त्यामुळे अंतर आपोआपच राखले जाते. खरा धोका होता तो टेंपोत. आठ जण, खाली सोडलेली ताडपत्री, बदलापूर स्टेशनपासून धरणापर्यंत गप्पा आणि गाणी! आणि दुसरा धोका चहाच्या वेळी. सगळे गोल करून बसत, मुखपट्ट्या हनुवटीखाली, एकाच बाटलीतून पाणी. पहिल्या महिन्यांत आपण भाजीसुद्धा साबणाने धूत होतो. आम्हीही फावड्यांचे दांडे औषधाने पुसत बसायचो आणि टेंपोत मात्र खेटून बसायचो. हवेचे महत्त्व पुढे कळले. म्हणून पुन्हा वेळ आली तर ज्याने त्याने आपल्या सायकलीवर यावे, आपला डबा आपण आणावा आणि जेवताना पाठीला पाठ लावूनही बसू नये, लांब बसावे. घसा खवखवत असेल त्याने घरीच थांबावे. पाड्यावरची म्हातारी माणसे कौतुकाने पाणी घेऊन येतात, त्यांच्या घरात आपण आजार नेऊन ठेवू नये.

आता माझी चूक सांगतो. आमच्यातला एक चाळिशीचा गृहस्थ नोव्हेंबरात कोरोनातून उठला. ताप जाऊन आठ-नऊ दिवस झाले होते. त्याने दूरध्वनीवर विचारले, "डॉक्टर, येऊ का रविवारी? हलकंच काम करीन." मी त्याला न तपासताच "या" म्हणालो. चढावर पहार घेऊन निघालेला तो माणूस निम्म्या वाटेत खाली बसला. ओठ पांढरे, बोलताना धाप. दहा मिनिटे बसल्यावरही नाडी १३२, आणि खिशातल्या यंत्रावर प्राणवायू ९१. रानात वाहन येत नाही. चौघांनी त्याला आळीपाळीने आधार देत रस्त्यापर्यंत आणले, त्याला तासभर लागला. फुप्फुसे पुरती भरून आली नव्हती. रुग्णालयात सहा दिवस काढावे लागले. तो बरा झाला, पण त्या तासात त्याच्या बायकोला फोनवर काय सांगावे हे मला सुचत नव्हते.

ताप उतरणे म्हणजे बरे होणे नव्हे. लक्षणे पूर्ण थांबल्यावर निदान आठवडाभर विश्रांती घ्यावी, मग सपाटीवर चालावे, ते सोसले तर चढ चढावा आणि ओझे उचलणे सर्वांत शेवटी. छातीत दुखणे, धडधड, चक्कर, थोड्या श्रमाने धाप यांपैकी काहीही झाले तर काम तिथेच थांबवून हृदयाची तपासणी करून घ्यावी. हा नियम फ्लूलाही लागू आहे.

साथीच्या काळात आणखी एक घोटाळा होतो. ताप म्हटला की सर्वांचे लक्ष एकाच रोगाकडे जाते. पण चिखलात काम केलेल्या माणसाला ताप आला, पोटऱ्या असह्य दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घेतली पाहिजे. उंदीर व गुरांच्या मूत्रातून हे जंतू ओल्या मातीत येतात आणि पायाच्या चिरेतून शरीरात शिरतात. २००५ च्या महापुरानंतर मुंबई-ठाण्याने हा रोग चांगलाच पाहिला आहे. झुडपांत बसणाऱ्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होतो. त्यात काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी काळी खपली दिसू शकते. रुग्णाला ती माहीतही नसते, डॉक्टरांनी कपडे काढून पाहावी लागते. दोन्ही रोगांवर साधी, स्वस्त औषधे आहेत, पण ती वेळेवर सुरू व्हावी लागतात. कोरोनाची तपासणी नकारार्थी आली म्हणून निर्धास्त न होता "मी रानात मातीकाम केले आहे" हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि परतल्यावर साबणाने अंघोळ, एवढी काळजी बहुतेकांना पुरते.

दगड उचलताना हात आधी घालू नये, पहारीने उलटावा. खाली विंचू असतो. कोकणातला लाल विंचू चावल्यावर नुसती आग होते असे समजू नये. घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही विष हृदयावर गेल्याची चिन्हे आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि तोवर दगावणारी पुष्कळ माणसे वाचू लागली. फुरसे, घोणस, मण्यार, नाग यांच्या दंशावर एकच प्रतिसर्पविष चालते. चिरा देऊ नये, आवळून बांधू नये, अवयव हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठावे. रानात मोबाइलला रेंज कुठे मिळते ते काम सुरू करण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

जाता जाता: हातावर सॅनिटायझर चोळून लगेच चूल पेटवू नये, त्यातला अल्कोहोल पेट घेतो.

पत्रलेखकांनी मुलांना खुशाल पाठवावे. मात्र धनुर्वाताची सुई शेवटची कधी घेतली हे त्यांनी लिहिलेले नाही. दहा वर्षे उलटली असतील तर कुदळ हातात घेण्यापूर्वी ती घ्यावी.