नाव आपलं, पण दर कुणाच्या हाती?

घरी मसाले, पापड, फराळ करून विकणाऱ्या कितीतरी जणींची आता स्वतःची वेबसाइट असते. आमच्या शेजारच्या वहिनींनीही काढली. ‘डॉट कॉम’चं नाव पहिल्या वर्षी ९९ रुपयांत मिळालं. वहिनी खूश! डब्यांवर, पिशव्यांवर तेच नाव छापून घेतलं. वर्ष सरलं आणि नूतनीकरणाचं बिल आलं, १,२०० रुपये! आता काय करायचं? डाळ महागली तर आपण मूग सोडून मसूर आणतो. डब्यावर छापलेलं नाव कसं सोडणार?

म्हणूनच या दराला लगाम हवा. तो आहे, पण अर्धामुर्धा. ‘डॉट कॉम’ची सगळी नावं व्हेरिसाइन ही एकच अमेरिकन कंपनी सांभाळते. विक्रेत्यांकडून तिनं किती घाऊक दर घ्यावा, याची मर्यादा अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी झालेल्या करारात आहे. २०१२ पासून हा दर वर्षाला ७.८५ डॉलरवर गोठवला होता. २०१८ मध्ये करार सैल झाला आणि सहा वर्षांतली चार वर्षं ७ टक्क्यांपर्यंत वाढ करायची मुभा मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये दर १०.२६ डॉलरवर गेला. संस्था, मंडळं वापरतात त्या ‘डॉट ऑर्ग’ची मर्यादा तर नावांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’नं २०१९ मध्ये काढूनच टाकली!

शिवाय हे सगळं झालं घाऊक दराचं. किरकोळ विक्रेत्यानं तुमच्याकडून किती घ्यावेत, याला या करारात बंधन नाही. तेव्हा आपली काळजी आपणच घ्यायची.

नाव घेताना आधी विचारा, “दुसऱ्या वर्षी किती?” दर परवडला तर एकदम काही वर्षांचे पैसे भरा, दहा वर्षांपर्यंत भरता येतात. नोंदणी स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या ईमेलवर करा, साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या नव्हे. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि विक्रेता महाग वाटला, तर नोंदणीला ६० दिवस झाल्यावर तेच नाव दुसऱ्या विक्रेत्याकडे नेता येतं. वहिनींनी तेच केलं. डबे वाया गेले नाहीत!

पण बरं का, विक्रेता बदलता येतो, वरची घाऊक कंपनी नाही. म्हणून तर तिच्या दराला वेसण हवी.