सूक्ष्मनियंत्रक फलक : क्रमिक प्रदान पिनांचे दोषशोधन

प्रक्रियक, स्मृती व आदान-प्रदान मंडले एकाच संकलित मंडलात सामावलेल्या लहान संगणकास सूक्ष्मनियंत्रक म्हणतात. प्रयोगासाठी तो ज्या फलकावर बसविलेला असतो, त्यास विकसन फलक म्हणतात. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये सुरू झालेली अर्डुइनो ही फलकांची मालिका विशेष प्रचारात आहे. माहितीचे द्विमान अंक एकाच तारेवरून एकामागून एक पाठविणे म्हणजे क्रमिक संदेशवहन होय. संदेश प्रेषक (टीएक्स) पिनेतून बाहेर पडतो व ग्राहक (आरएक्स) पिनेतून आत येतो.

संदेशाचे स्वरूप : संदेश नसताना प्रेषक पिनेवर उच्च दाब असतो. अक्षराच्या आरंभी तो एका अंकाच्या कालापुरता शून्यावर येतो. त्यानंतर सामान्यतः आठ अंक व अखेरीस उच्च दाबाचा समाप्ती-अंक येतो. ही रीत दूरमुद्रकापासून (टेलिप्रिंटरपासून) आलेली आहे. सेकंदास ९,६०० अंक या वेगाने एक अंक सु. १०४ मायक्रोसेकंद टिकतो. प्रेषक व ग्राहक यांना सामाईक घड्याळ नसते. त्यामुळे दोहोंच्या वेगांत सु. ५ टक्के फरक पडला की, दहाव्या अंकापर्यंत अर्ध्या अंकाची चूक साचते व वाचन बिघडते.

दोषशोधन : पिनेतून काहीच येत नसल्यास सूक्ष्मनियंत्रक निकामी झाला असे समजून फलक टाकून दिला जातो, परंतु दोष पुष्कळदा जोडणीत असतो. एकाची प्रेषक पिन दुसऱ्याच्या ग्राहक पिनेस जोडलेली आहे, दोहोंची भूमी एक आहे व वेग समान आहे, हे प्रथम पाहावे. अर्डुइनो उनो या फलकावर ० (ग्राहक) व १ (प्रेषक) या पिना यूएसबी परिवर्तकासही जोडलेल्या असतात. त्यांना अन्य उपकरण जोडलेले असल्यास संगणकावरून कार्यक्रम भरताना अडथळा येतो. ते काढताच दोष नाहीसा होतो. ५ व्होल्टचा प्रदान ३·३ व्होल्टच्या उपकरणास थेट जोडू नये. १,००० व २,००० ओहम रोधकांच्या विभाजकाने तो सु. ३·३ व्होल्टवर आणता येतो.

यानंतर रीसेट पिन भूमीस जोडून ० व १ या पिना एकमेकींस जोडाव्यात. संगणकावरून पाठविलेली अक्षरे परत आल्यास परिवर्तक व तार निर्दोष ठरतात. मग ही जोडणी काढून प्रेषक पिन दर सेकंदास चालू-बंद करणारा साधा कार्यक्रम भरावा. दाबमापकावर ० व ५ व्होल्ट आळीपाळीने दिसल्यास पिन शाबूत आहे. न दिसल्यासच ती जळाल्याची शंका घ्यावी.

तापमानाचा परिणाम : अक्षरे येतात पण विपरीत येतात, तेव्हा पिनेचा दोष नसून वेगाचा असतो. एटीमेगा ३२८पी हा सूक्ष्मनियंत्रक स्फटिकाविना, अंतर्गत आंदोलकावर चालविल्यास कारखान्यातील जुळणीत १० टक्क्यांपर्यंत तफावत संभवते व ती तापमानानुसार बदलते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तापमान ४५° से. च्या वर जाऊ शकते आणि उन्हातील बंद पेटीत ते आणखी वाढते. त्यामुळे प्रयोगशाळेत शुद्ध अक्षरे देणारा फलक शेतात दुपारी चुकीची अक्षरे देऊ शकतो. अशा ठिकाणी बाह्य स्फटिक वापरणे इष्ट ठरते.