बीजांचा हिशेब

गेल्या आठवड्यात सकाळीच शेजारच्या वहिनी आमच्याकडे आल्या. हातात सुनेच्या रक्ततपासणीचा कागद. ‘‘पाहा हो, हिची बीजं कमी आहेत म्हणे! एकतिसाव्या वर्षी! इतकी वर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या घेतल्या, त्यांनीच संपली असणार.’’ सून मागे दारातच उभी होती. मान खाली, डोळे भरलेले.

मी काही डॉक्टर नाही. पण शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. दोघींना बसवलं, चहा टाकला आणि जे सांगितलं, तेच आज मैत्रिणींनो, तुम्हालाही सांगते. कारण असे कागद आता घरोघरी येऊ लागले आहेत आणि त्यांवरून बोलणी खावी लागतात ती बाईलाच.

आजीच्या पोटातली गोष्ट

पुरुषाच्या शरीरात बीजे रोज नव्याने तयार होतात. बाईचे तसे नाही. तिची शिदोरी जन्माआधीच बांधलेली असते. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या दोन बीजकोशांत मिळून ६० ते ७० लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी त्यांतली १० ते २० लाख उरतात. न्हाण येईपर्यंत ३ ते ४ लाख.

म्हणजे गंमत पाहा. ज्या बीजापासून तुम्ही झालात, ते तुमची आई आजीच्या पोटात असतानाच तयार झालेले होते!

उरलेल्या लाखांपैकी साऱ्या आयुष्यात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम ४०० ते ५००. बाकीची आपोआप विरून जातात. पाळी सुरू होण्याआधीही विरतात, गरोदरपणातही विरतात आणि गोळ्या चालू असतानाही विरतात. गोळ्यांनी फक्त बीज पिकून बाहेर पडणे थांबते. त्यांनी शिदोरी संपत नाही, तशी वाचतही नाही.

सुयांवर ठेवलेले विणकाम

पाळी महिन्याची, म्हणून बीजही महिन्यात तयार होते असे आपल्याला वाटते. ते खरे नाही. झोपलेले बीज जागे होऊन पुरते पिकायला कितीतरी महिने लागतात. त्यातले शेवटचे तीन महिने वाढ भराभर होते. बीजाभोवती पेशींचे थर चढतात, मध्ये पाणी साठते आणि त्याची इवली पिशवी बनते. सोनोग्राफीत डॉक्टर ‘फॉलिकल’ म्हणून मोजतात, ती हीच.

पाळीच्या सुरुवातीला अशा बऱ्याच पिशव्या पंगतीला बसलेल्या असतात. वाढपी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी. तिचा रस मिळेल तशा त्या वाढतात. पण त्यांतली एक पुढे सरकते. तिच्यातून निघालेल्या इस्ट्रोजेनमुळे पिट्युटरी हात आखडता घेते. बाकीच्या पिशव्या उपाशी राहून सुकतात. पुढे गेलेली मात्र थोडक्यावर भागवते आणि बोराएवढी, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटरची होते. आतले बीज मात्र मिलिमीटरचा दहावा भाग! रव्याचा कणही त्याहून मोठा.

आता खरी नवलाची गोष्ट. पोटात असतानाच या बीजाने आपल्या गुणसूत्रांची वाटणी करायला घेतलेली असते आणि ती अर्ध्यावर थांबवलेली असते. स्वेटर अर्धा विणून सुयांवर तसाच ठेवावा, तशी. पंधरा वर्षे, तीस वर्षे, चाळीस वर्षेसुद्धा! पिट्युटरीकडून दुसऱ्या रसाची लाट आली की ते काम पुन्हा हाती घेतले जाते. साधारण ३६ तासांत बीज ४६ पैकी २३ गुणसूत्रे एका चिमुकल्या पेशीत घालून बाजूला सारते आणि पिशवी फुटून बाहेर पडते. शेवटची वाटणी पुरी होते ती पुरुषबीज आत शिरले तरच. ते एका दिवसात भेटले नाही, तर बीज विरते.

बीज पिकायला हे ३६-३७ तास लागतात, हे रॉबर्ट एडवर्ड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६५ साली प्रयोगशाळेत दाखवले. त्याच ज्ञानावर १९७८ साली इंग्लंडमध्ये पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ जन्मले आणि १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून तशीच मुलगी जन्माला आली.

विणकाम फार वर्षे पडून राहिले की टाके सुटतात. बीजाचेही तसेच. वय वाढते तशा गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढतात, पस्तिशीनंतर अधिकच. म्हणून किती बीजे उरली आणि ती कशी आहेत, हे दोन प्रश्न वेगळे.

मग कागदाचा अर्थ काय?

सुनेची तपासणी होती ए.एम.एच.ची. हा रस वाढीला लागलेल्या लहान पिशव्यांतून येतो. त्यावरून शिदोरीचा अंदाज बांधतात. टेस्ट ट्यूबच्या उपचारात इंजेक्शनांनी किती बीजे मिळतील, हे ठरवायला तो उपयोगी पडतो. पण बीज चांगले आहे की नाही, दिवस राहतील की नाही, हे तो आकडा सांगत नाही. महिन्याला लागते तरी एकच!

‘‘गोळ्या कधी बंद केल्यास गं?’’ मी सुनेला विचारलं.

‘‘गेल्याच महिन्यात, काकू.’’

इथेच तर मेख होती. गोळ्यांमुळे हा आकडा काही काळ कमी दिसू शकतो. तेव्हा डॉक्टरांना हे सांगून काही महिन्यांनी पुन्हा तपासावे.

एवढे मात्र लक्षात ठेवा. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पुढे असेल तर सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे जावे. पाळी अनियमित असेल, बीजकोशाचे ऑपरेशन किंवा कॅन्सरचे उपचार झाले असतील, तर थांबू नये. धूम्रपानाने शिदोरी खरोखरच लवकर सरते. आणि तपासणी नवऱ्याचीही हवी. दोष निम्मा तरी तिकडे असू शकतो. मुलगा की मुलगी, हेही पुरुषबीजच ठरवते.

वहिनींचा चहा निवून गेला होता. कागदाची घडी करून त्यांनी सुनेच्या हातात दिली. ‘‘पुढच्या वेळी त्यालाही ने बरोबर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि आता डोळे पूस बघू.’’