अ‍ॅक्टिनला आवर घालणारी प्रथिनं

सशाच्या स्नायूंमधून अ‍ॅक्टिन नावाचं प्रथिन शुद्ध करून घ्यायचं, क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यात ठेवायचं आणि मग त्यात थोडे क्षार मिसळायचे. पाण्यासारखं पातळ द्रावण काही मिनिटांतच दाटसर होतं. सुटे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे लांब तंतू झालेले असतात. आपल्या पेशींमध्येही पुरेसे क्षार असतात आणि अ‍ॅक्टिन तर तंतू होण्यासाठी लागतं त्याच्या कितीतरी पट. तरीही बऱ्याच पेशींमध्ये निम्म्याच्या आसपास अ‍ॅक्टिन सुटंच राहतं. हे कसं?

तंतू बांधण्याची कला अ‍ॅक्टिनच्या अंगातच आहे. पेशीची खरी मेहनत असते ती त्याला थोपवून धरण्याची आणि नेमक्या जागी, नेमक्या क्षणी मोकळं सोडण्याची. या कामासाठी शंभराहून अधिक प्रथिनं राबतात.

अ‍ॅक्टिन सापडलं ते हंगेरीतल्या सेगेड शहरात, दुसरं महायुद्ध चालू असताना. क जीवनसत्त्वावरील संशोधनासाठी गाजलेल्या आल्बेर्ट सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो श्ट्रॉब यांनी १९४२च्या सुमारास ते स्नायूंमधून वेगळं केलं. पुढे कळलं, की ते फक्त स्नायूंचं नाही. अमीबा, वनस्पती, बुरशी, सगळीकडे ते आहे. माणूस आणि कोंबडी यांच्या हाडांना जोडलेल्या स्नायूंमधल्या अ‍ॅक्टिनमध्ये तर ३७५ अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत एकच आहे. कोट्यवधी वर्षांत निसर्गाने त्याला हात लावलेला नाही.

तंतूची रचना एकमेकींना पीळ घातलेल्या दोन मण्यांच्या माळांसारखी असते. जाडी सुमारे ७ नॅनोमीटर, आणि मायक्रोमीटरभर लांबीत ३७० च्या आसपास रेणू. तंतूची दोन टोकं सारखी नसतात. एका टोकाला रेणू भराभर जोडले जातात, दुसरं टोक मंद असतं. वेगवान टोक मोकळं सापडलं, तर पेशीतल्या परिस्थितीत सेकंदाला शंभरेक रेणू त्याला येऊन चिकटू शकतात.

म्हणून पेशी ते सहजासहजी मोकळं सोडत नाही. ‘कॅपिंग प्रोटीन’ त्यावर टोपीसारखं बसतं आणि वाढ तिथेच थांबते. थायमोसिन बीटा-४ हे चिमुकलं प्रथिन सुट्या रेणूंना धरून ठेवतं आणि तंतूत जाऊ देत नाही. रक्तातल्या प्लेटलेटमध्ये त्याचा मोठा साठा असतो. भाजी चिरताना बोट कापलं, की हीच प्लेटलेट क्षणार्धात पसरते, बोटांसारखे फाटे काढते आणि जखमेला चिकटते. तोवर अडवून ठेवलेलं अ‍ॅक्टिन आता कामी येतं.

प्रोफिलिनचा स्वभाव जरा वेगळा. तेही सुट्या रेणूला धरतं, पण वेगवान टोकाशी त्याला जोडू देतं, मंद टोकाशी नाही. शिवाय नवा तंतू सुरू होऊ देत नाही. जुने तंतू मोडायचं काम कोफिलिनचं. रेणू तंतूत शिरल्यावर त्याच्याजवळचं एटीपी हे ऊर्जेचं इंधन हळूहळू खर्ची पडतं, आणि अशा जुनावलेल्या भागालाच कोफिलिन बिलगून तो तोडतं. सुटे झालेले रेणू पुन्हा वापरात येतात.

मग नवा तंतू सुरू कोण करतं? त्याचं एक उत्तर १९९४ मध्ये अकॅन्थअमीबा या मातीतल्या अमीबाने दिलं. लॉरा मॅचेस्की, टॉम पोलार्ड आणि त्यांचे सहकारी त्याच्यातली प्रथिनं तपासत असताना सात प्रथिनांचा एक संच हाती लागला: आर्प-२/३. हा संच जुन्या तंतूच्या कुशीवर बसून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी काढतो. अशा असंख्य फांद्या मिळून पेशीचं आवरण पुढे ढकलतात आणि पांढरी पेशी जिवाणूच्या मागे सरकते. लांब, बिनफांदीचे तंतू हवे असतील तिथे फॉर्मिन हे प्रथिन असतं; ते टोकाला धरून राहतं आणि टोपी बसू देत नाही.

ही यंत्रणा किती मोजक्या भागांवर चालते, ते एका रोगजंतूने उघड केलं. दूषित अन्नातून येणारा लिस्टेरिया पेशीत शिरला, की आपल्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाने आर्प-२/३ ला कामाला लावतो. त्याच्या पाठीमागे अ‍ॅक्टिनची शेपटी वाढते आणि तो पुढे रेटला जातो, थेट शेजारच्या पेशीतही. १९९९ मध्ये फ्रान्समध्ये मारी-फ्रांस कार्लिए यांच्या गटाने पेशी बाजूलाच ठेवली. अ‍ॅक्टिन, आर्प-२/३, कोफिलिन, कॅपिंग प्रोटीन आणि एटीपी यांच्या मिश्रणातही लिस्टेरिया चालू लागला. प्रोफिलिनने त्याचा वेग वाढला. म्हणजे तोडणारं आणि अडवणारं प्रथिनही गतीसाठी लागतंच. या क्षेत्रातला इतका देखणा प्रयोग क्वचितच झाला असेल.

निरोगी पेशीत आर्प-२/३ ला हुकूम देणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे ‘वास्प’. ते रक्तपेशींमध्ये असतं आणि एरवी स्वतःवरच दुमडून, कुलूपबंद राहतं. संदेश आला तरच उघडतं. त्याचा शोध लागला तो एका आजारामुळे. जर्मनीतले डॉक्टर आल्फ्रेड विस्कॉट यांनी १९३७ मध्ये तीन भावांची नोंद केली होती: रक्तस्राव, इसब, वारंवार जंतुसंसर्ग, बहिणी मात्र निरोगी. १९५४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी हा आजार आईकडून मुलग्यांकडे येतो, हे दाखवलं. १९९४ मध्ये एक्स गुणसूत्रावरचं दोषी जनुक सापडलं. या मुलांमध्ये वास्प नसतं किंवा अपुरं असतं. त्यांच्या प्लेटलेट कमी आणि आकारानेही लहान असतात.

२००१ मध्ये त्याच जनुकाची उलटी बाजू समोर आली. काही रुग्णांमध्ये बिघाडाने वास्पचं कुलूपच निकामी झालेलं असतं आणि ते सतत उघडं राहतं. त्यांना इसब किंवा रक्तस्राव नाही, पण न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात. अ‍ॅक्टिन वाढू न देणं जितकं घातक, तितकंच त्याला मोकाट सोडणंही, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधूनही सापडायचा नाही.

विस्कॉट-ऑल्ड्रिच आजारावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९६८ पासून होत आलं आहे, पण त्याला जुळणारा दाता लागतो. २०१३ मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी तीन मुलांच्या स्वतःच्याच मूळ पेशींमध्ये निर्दोष जनुक घालून त्या परत दिल्याचं जाहीर केलं. मुलांचा इसब ओसरला, जंतुसंसर्ग कमी झाले, रक्तस्रावाचा त्रासही घटला. प्लेटलेटची संख्या वाढली, मात्र ती निरोगी मुलांइतकी झाली नाही.