चौकट : पट तोच, पंच यंत्र

बुद्धिबळ संगणकावर आलं तरी 64 घरं आणि 32 मोहरी कायम राहतात. बदलतो तो पंच. नियमबाह्य खेळी यंत्र घेतच नाही, घड्याळही तेच चालवतं. मग खेळ तोच की, हा आक्षेप निम्माच खरा. 30 ऑगस्ट 2020 रोजी पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम लढतीत नागपूरची दिव्या देशमुख आणि केरळचा निहाल सरीन यांचं इंटरनेट तुटलं. घड्याळ चालूच राहिलं, वेळ संपल्याने दोघांचे डाव गेले. भारताने दाद मागितली आणि ‘फिडे’ या जागतिक बुद्धिबळ महासंघाने भारत व रशियाला संयुक्त विजेते ठरवलं. इंटरनेट तुटून हरण्याचा प्रकार लाकडी पटावर नाहीच.

यंत्र पंच असणं वेगळं, प्रतिस्पर्धी असणं वेगळं. 1997 मध्ये ‘डीप ब्लू’ या संगणकाने बुद्धिबळपटू कास्पारोव्हला साडेतीन-अडीच असं हरवलं, 2016 मध्ये ‘अल्फागो’ या संगणकप्रणालीने ‘गो’ या पटावरच्या खेळात ली सेडोलला 4-1. नवी मुंबईत तयार झालेला ‘लुडो किंग’ (2016) नशिबाचा खेळ म्हणून संगणकावरच्या बुद्धीच्या खेळांच्या यादीतून गाळला जातो. ते घाईचं वाटतं : दान यंत्र टाकतं, पण कोणती सोंगटी हलवायची ते अजून खेळणाराच ठरवतो.