थांबलेल्या चाचणीचं उत्तर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखणाऱ्या एचपीव्ही लसीचे तीन डोस हवेत की दोन पुरतात, हे पाहायला सप्टेंबर २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी चाचणी सुरू झाली. बार्शी आणि पुणे त्यात होते. लस द्यायची होती १० ते १८ वयाच्या २० हजार मुलींना.

एप्रिल २०१० मध्ये सरकारने चाचणीतलं लसीकरण थांबवलं. कारण दुसरीकडचं होतं. आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पात सात मुली दगावल्या होत्या. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. संमती घेण्याच्या पद्धतीत मात्र गंभीर त्रुटी निघाल्या.

तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती आणि ४,९५० जणींचा एकच डोस झाला होता. चाचणीचे प्रमुख डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी सगळ्यांचाच पाठपुरावा चालू ठेवला. रक्त घेऊन विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांविरुद्धच्या अँटिबॉडी मोजल्या. २०१६ आणि २०१८ मध्ये निष्कर्ष आले: एका डोसनंतर अँटिबॉडी कमी, पण चार वर्षं पातळी टिकून.

कमी म्हणजे अपुऱ्या का? किती अँटिबॉडी असल्या की संरक्षण मिळतं, याची सीमारेषाच ठरलेली नव्हती. म्हणून मुली मोठ्या होऊन त्यांची लग्नं झाल्यावर विषाणूचाच शोध घेतला गेला. २०२१ चं उत्तर स्पष्ट होतं: या दोन प्रकारांच्या चिवट संसर्गापासून संरक्षण एका डोसने ९५.४ टक्के, दोनने ९३.१, तीनने ९३.३. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही एचपीव्ही लसही मंजूर झाली.

हिंगोली जिल्ह्याला या उत्तराचं मोल मोठं आहे. ८ मार्च २०२५ पासून इथे कर्करोग तपासणीच्या ‘संजीवनी’ अभियानात २,९२,९९६ महिलांनी प्रश्नावली भरली. १४,५४२ जणींत संशयित लक्षणं दिसली. जुलैपर्यंत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान तिघींना झालं होतं. आयांची तपासणी चालूच राहावी. पण लक्षणांपर्यंत थांबणं म्हणजे उशीर. सेनगाव-औंढा तालुक्यांतल्या वाडीतल्या मुलीला पुन्हा पुन्हा बोलावण्यापेक्षा एकदाच लस देणं शक्य आहे. मात्र २०१० चा धडा विसरू नये: आधी पालकांना नीट समजावून सांगा, त्यांची संमती घ्या, मगच सुई टोचा.