धूर नको, माणूस हवा

(वसतिगृह, वृद्धाश्रम, अनाथालय अशा ठिकाणी अनेक माणसे एका छपराखाली राहतात. तेथील हवा सर्वांची असते. ती धूरमुक्त कशी ठेवावी आणि तसे करताना कोणाचे मन का दुखवू नये, हे या पाठात सांगितले आहे.)

जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. टेंभुर्णी हे एका झाडाचेही नाव आहे. उर्दूत आणि हिंदीत त्याला तेंदू म्हणतात. या झाडाची पिवळी, गोड फळे लोक आवडीने खातात. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांच्या जंगलांत उन्हाळ्यात त्याची पाने तोडतात आणि वाळवतात. याच पानांत तंबाखू गुंडाळून बिड्या वळतात.

बिडी झाडाच्या पानाची असते, म्हणून ती सिगारेटपेक्षा बरी, असे पुष्कळांना वाटते. पण हा समज खोटा आहे. बिडी लवकर विझते. ती पेटती ठेवण्यासाठी वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटिन, डांबरासारखा चिकट पदार्थ आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू ओढणाऱ्याच्या छातीत अधिक जातो.

बिडी ओढणारा एक असतो, पण धूर सर्वांच्या वाट्याला येतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात. त्यांतील सुमारे सत्तर रसायनांमुळे कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, स्वतः कधीही धूम्रपान न करणारी दहा लाखांहून अधिक माणसे दरवर्षी दुसऱ्यांच्या धुरामुळे मरण पावतात. खिडकी उघडली किंवा पंखा लावला, म्हणजे हा धोका संपत नाही. धूर दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो. गादीला, पडद्याला, कपड्यांनाही तो चिकटून राहतो.

स्वतःच्या घरात असा त्रास झाला, तर आपण घरच्या माणसाला सांगू शकतो. पण सामूहिक निवासात राहणाऱ्याचे काय? मराठवाड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी परगावी जातात. त्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहे चालवली गेली आहेत. आश्रमशाळेत, मदरशात, वृद्धाश्रमातही माणसे अशीच एकत्र राहतात. तेथे कोणाला दमा असतो, कोणाला क्षयरोग होऊन गेलेला असतो. धूर सोसवत नाही, म्हणून दुसरीकडे राहायला जाण्याची सोय त्यांना नसते.

या बाबतीत आपल्या देशात कायदा आहे. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यावर २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने आदेश दिला आणि रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, रेल्वे अशा ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. पुढे २००३ मध्ये संसदेने तंबाखूविषयीचा कायदा केला. त्याचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवसापासून, लागू झाले. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करणाऱ्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा ठिकाणी मनाईचा फलक लावावा लागतो. तेथे राखदाणी किंवा काडेपेटी ठेवता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणे हाही गुन्हा आहे.

पण फलक लावला म्हणजे काम झाले, असे नाही. समजा, एका वृद्धाश्रमात सत्तर वर्षांचे एक आजोबा राहतात. चाळीस वर्षे त्यांनी बिडी ओढली आहे. त्यांना कोणी नातेवाईक नाही. उद्या व्यवस्थापकांनी सांगितले, "बिडी सोडा, नाहीतर निघा," तर ते कोठे जातील? बहुधा ते न्हाणीघरात लपून बिडी ओढतील. मग धूर तर राहीलच, शिवाय आग लागण्याचे भयही वाढेल.

म्हणून शहाणी संस्था घाई करत नाही. ती आधी सर्व रहिवाशांची बैठक घेते. ज्यांना धुराचा त्रास होतो, त्यांना बोलू देते आणि ज्यांना बिडीची सवय आहे, त्यांचेही ऐकून घेते. नियम कोणत्या तारखेपासून लागू होईल, हे सर्वांना आधीच कळवते. वृद्धाश्रमात दारे-खिडक्यांपासून दूर, अंगणाच्या एका कोपऱ्यात मोकळी जागा ठरवता येते. मुलांच्या वसतिगृहात मात्र अशी जागाही ठेवू नये. तेथील संपूर्ण आवार तंबाखूमुक्तच हवे.

नियम सर्वांना सारखा असावा. अधीक्षक, स्वयंपाकी, पहारेकरी आणि भेटीला येणारे पाहुणे यांनीही तो पाळला पाहिजे. साहेब खोलीत सिगारेट ओढतात आणि आजोबांना मात्र दंड होतो, असे घडले, तर नियमाचा मान कोण ठेवील?

अमेरिकेतही सरकारी घरांच्या वसाहतींसाठी असाच नियम झाला. घरांच्या आत आणि इमारतीपासून पंचवीस फुटांपर्यंत धूम्रपानास मनाई करण्यात आली. हा नियम फेब्रुवारी २०१७ मध्ये अमलात आला, पण वसाहतींना तयारीसाठी जुलै २०१८ अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे अठरा महिन्यांची मुदत मिळाली. जुनी सवय एका रात्रीत सुटत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सवय सोडू इच्छिणाऱ्याला मदतही हवी. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते. कोणी पुन्हा चुकला, तर त्याला हसू नये. "चाचा, खोलीत नको, चला, बाहेर बसू," एवढे प्रेमाने म्हटले, तरी पुष्कळ काम होते.

मुलांनो, नियम धुराविरुद्ध असतो, माणसाविरुद्ध नसतो. धूर बाहेर जावा, माणूस मात्र आत, आपल्या माणसांत राहावा. ज्या निवासात या दोन्ही गोष्टी साधतात, तेच खरे घर होय.

शब्दार्थ
सामूहिक – अनेकांचे मिळून
हंगामी – ठरावीक मोसमापुरते
याचिका – न्यायालयाकडे केलेला अर्ज
आवार – इमारतीभोवतीची जागा
मुदत – ठरवून दिलेला काळ

स्वाध्याय
१. बिडीविषयी लोकांचा कोणता समज खोटा आहे? का?
२. वृद्धाश्रमातील आजोबांना एकदम बाहेर काढले, तर काय होईल?
३. 'नियम सर्वांना सारखा असावा,' असे लेखात का म्हटले आहे?
४. तुमच्या शाळेच्या आवारासाठी धूरमुक्तीचे चार नियम मराठीत लिहा.